कलेचा तास आणि सक्तीचा प्रश्न

साहित्य, संगीत आणि कला यांना पारखा असलेला मनुष्य म्हणजे शिंगे-शेपटी नसलेला पशूच होय, अशा अर्थाचे भर्तृहरीचे सुभाषित मराठी शाळांना चांगलेच परिचयाचे आहे. स्नेहसंमेलनाच्या प्रास्ताविकात, पारितोषिक वितरणाच्या भाषणात, स्मरणिकेच्या पहिल्या पानावर ते हमखास भेटते. वेळापत्रकात मात्र त्याचा मान राखला जातोच असे नाही. प्राथमिक वर्गांत आनंदाने नांदणारा चित्रकलेचा वा संगीताचा तास आठवीपर्यंत कसाबसा तग धरतो, नववीत दुबळा होतो आणि दहावीच्या दुसऱ्या सत्रात गणित-विज्ञानाच्या ज्यादा तासांत विरून जातो. ‘पोर्शन राहिला आहे’ या एका वाक्यासमोर चौसष्ट कलांचे काही चालत नाही.

माध्यमिक शाळेत कलाशिक्षण प्रत्येक विद्यार्थ्याला आवश्यक असावे की ज्याच्या त्याच्या आवडीवर सोपवावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. त्याला दीड शतकाचा इतिहास आहे. त्या इतिहासात मुंबईची कलाशाळा आहे, मैसूरचा दरबार आहे, वर्ध्याची शिक्षण परिषद आहे, दिल्लीचे आयोग आहेत आणि बेंगळुरूची बालरंगभूमीही आहे. हा सारा प्रवास एकत्र पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते : कला आवश्यक आहे असे कागदावर वारंवार लिहिले गेले, ती शिकवण्याची जबाबदारी मात्र क्वचितच कोणावर निश्चित झाली.

कारागिरीच्या वाटेने आलेली चित्रकला

इंग्रजी अमदानीत चित्रकलेला शिक्षणक्रमात स्थान मिळाले, त्यामागे सौंदर्याच्या ओढीपेक्षा कारागिरीचा विचार अधिक होता. मद्रास (१८५०), कलकत्ता (१८५४) आणि मुंबई (१८५७) येथे अवघ्या सात वर्षांत कलाशाळा सुरू झाल्या. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हिंदी कारागिरांच्या वस्तूंनी युरोपचे लक्ष वेधून घेतले होते. अशा कौशल्याला पद्धतशीर रेखाटनाची जोड द्यावी, हा या कलाशाळांमागील एक प्रमुख हेतू होता. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही संस्था आकाराला आली आणि तिचा पहिला वर्ग भरला तो एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या इमारतीत. देशातील एका अग्रगण्य कलासंस्थेची सुरुवात अशी एका विद्यालयाच्या छपराखाली झाली, ही गोष्ट शाळांनी विसरू नये अशी आहे.

रेखाटनामुळे हाताला आणि डोळ्याला वळण लागते, ही धारणा पुढे हायस्कुलांतही शिरली. मुंबई इलाख्यात शासकीय रेखाकला परीक्षांची पद्धत रुजली. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या कला संचालनालयाकडून घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांत ती परंपरा आजही चालू आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन हे शब्द मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहेत. या परीक्षांमुळे एक मोठे काम झाले. तालुक्याच्या गावातील हायस्कुलातही ‘ड्रॉइंग मास्तर’ नावाची व्यक्ती स्थिरावली. ज्या घरात रंगाची डबी कधी आली नव्हती, त्या घरातील मुलाच्या हातात शाळेने पेन्सिल, खोडरबर आणि ड्रॉइंगचा कागद दिला.

त्या काळी मुंबई इलाख्याची हद्द बेळगाव, धारवाड, विजापूर आणि उत्तर कानडा या जिल्ह्यांपर्यंत होती. त्यामुळे चित्रकलेच्या उच्च शिक्षणासाठी या भागातील तरुणांची पावले साहजिकच मुंबईकडे वळत. पुढे धारवाडला डी. व्ही. हालभावी आणि गदगला टी. पी. अक्की यांनी कलाशाळा काढल्या आणि उत्तर कर्नाटकात चित्रकला शिक्षकांची एक परंपरा उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन हे जिल्हे तेव्हाच्या मैसूर राज्यात आले. सरहद्द बदलली, तरी रेखाकलेच्या परीक्षांचा धागा तुटला नाही. कर्नाटकातही लोअर आणि हायर अशा दोन श्रेणींच्या ड्रॉइंग परीक्षा होत राहिल्या. बदामीच्या मातीतून आलेल्या आर. एम. हडपद यांनी बेंगळुरूत केन कलाशाळा उभारून या परंपरेला राजधानीत एक घर मिळवून दिले.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. समोर ठेवलेले मडके हुबेहूब उतरवणे म्हणजे चित्रकला, अशी समजूत तिने दृढ केली. मुलाला काय दिसले, यापेक्षा परीक्षकाला काय अपेक्षित आहे, याला महत्त्व आले. महाराष्ट्रात या परीक्षांच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळू लागले, तेव्हा परीक्षेला बसण्याचे आणखी एक कारण निर्माण झाले. परंतु प्रमाणपत्र हाती आले की रंगपेटी माळ्यावर जाते, हा अनुभवही घरोघरचा आहे. गुणांच्या आमिषाने मूल कलेच्या दारापर्यंत येते; दार उघडून आत नेण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते.

संगीताला वही आणि फळा मिळाला

संगीताची कथा वेगळी आहे. घराण्यांच्या बंदिस्त शिस्तीत आणि गुरूच्या सेवेत मिळणारी ही विद्या वर्गात कशी शिकवायची, हा एकोणिसाव्या शतकातील मोठाच पेच होता. त्यातून वाट काढणाऱ्यांत मौलाबक्ष यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. उत्तरेकडील हा गायक-वादक मैसूरच्या दरबारात आला. तेथे त्याने कर्नाटक संगीताचा अभ्यास केला आणि कृष्णराज वडियार तिसरे यांच्याकडून मोठा सन्मान मिळवला. पुढे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात त्याने गायनशाळा सुरू केली. स्वरलेखन आणि क्रमिक पुस्तके यांच्या आधाराने अनेक मुलांना एकत्र बसवून गाणे शिकवता येते, हे तेथे प्रत्यक्ष दिसले. मैसूरमध्ये मिळालेली दृष्टी बडोद्याच्या मराठी राजाच्या दरबारात उपयोगी पडली, ही कर्नाटक आणि मराठी जगाच्या देवाणघेवाणीतील एक सुंदर घटना आहे.

त्यानंतर कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली आणि १९०८ मध्ये त्याची शाखा मुंबईत आणली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सिद्ध केली. ग्वाल्हेर आणि लखनौ येथील संगीत विद्यालयांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. या दोन विष्णूंनी संगीताला वही दिली, फळा दिला, इयत्ता दिल्या आणि परीक्षाही दिल्या. ज्या विद्येकडे सभ्य समाज संशयाने पाहत असे, ती घरंदाज मुला-मुलींसाठी प्रतिष्ठित झाली.

पण या यशाची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. संगीताला स्वतंत्र विद्यालये मिळाली आणि सर्वसाधारण शाळांना आपली जबाबदारी संपली असे वाटू लागले. ज्याला गाणे हवे त्याने संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जावे. शाळेत प्रार्थना, राष्ट्रगीत आणि स्नेहसंमेलनापुरते समूहगान झाले की पुरे! गदगच्या एका शिक्षकाचा मुलगा वयाच्या अकराव्या वर्षी गाणे शिकण्याच्या ध्यासाने घर सोडून निघाला. गुरूच्या शोधात ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असे हिंडून अखेर तो धारवाडजवळच्या कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांच्या पायाशी स्थिरावला आणि पुढे पं. भीमसेन जोशी म्हणून भारतरत्न झाला. ही कथा मुलांना आवर्जून सांगितली जाते. तिच्यातून कधी कधी असा निष्कर्ष काढला जातो की, खऱ्या कलावंताला शाळेची गरज नसते. ते खरेच आहे. असामान्य प्रतिभा शाळेची वाट पाहत थांबत नाही. शाळेतील कलेचा तास असतो तो भीमसेन न होणाऱ्या उरलेल्या सर्व मुलांसाठी, ज्यांना पुढे चांगले श्रोते, चांगले प्रेक्षक आणि सुरात आनंद मानणारी माणसे व्हायचे आहे त्यांच्यासाठी.

वर्ध्याचे वेळापत्रक

कलेला वेळापत्रकात किती मिनिटे द्यावीत, हा प्रश्न ज्यांनी थेट हाताळला, त्यांत वर्धा योजनेचे नाव आदराने घ्यावे लागेल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तिने जो अभ्यासक्रम आखला, त्यात मूलोद्योग, मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान, चित्रकला, संगीत आणि हिंदुस्थानी असे आठ विषय होते. साडेपाच तासांच्या शालेय दिवसात ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला होती. संगीत, चित्रकला आणि अंकगणित या तिघांना मिळून ४० मिनिटे दिली होती.

या ४० मिनिटांकडे आज पुन्हा पाहण्यासारखे आहे. एरवी अंकगणिताच्या शेजारी बसण्याचा मान संगीताला कोणत्या शाळेने दिला होता? गरीब देशाने गरीब मुलांसाठी आखलेल्या योजनेत चित्रकला व संगीत हे चैनीचे विषय मानले गेले नाहीत, हे तर विशेषच. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले आणि तेथील मुलांना त्यांनी दीर्घकाळ कला शिकवली. कला हाच शिक्षणाचा पाया होय, हा विचार त्यांनी तेथील अनुभवातून ग्रंथरूपाने मांडला. त्याच सुमारास, १९४३ मध्ये, इंग्लंडमध्ये हर्बर्ट रीड यांचा ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. दोन दूरच्या देशांत, महायुद्धाच्या अंधारात, विचारवंत एकाच निष्कर्षाला येत होते.

तरीही मूलोद्योग शिक्षण समाजात रुजले नाही. त्याची कारणे अनेक आहेत. परंतु एक कारण आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेले आहे. खेड्यातील मुलाने टकळी फिरवावी आणि शहरातील सधन घरच्या मुलाने इंग्रजी शाळेत जाऊन कचेरीतील नोकरी मिळवावी, असे चित्र दिसू लागताच पालकांचा विश्वास उडाला. नियम सर्वांना सारखा नसेल, तर ज्यांच्यावर तो लादला जातो त्यांना ती शिक्षा वाटते. कलाशिक्षण आवश्यक करायचे असेल, तर ते सर्व शाळांत आणि सर्व मुलांसाठी असले पाहिजे, हा धडा वर्ध्याने दिला आहे.

आयोगांचे शब्द

स्वातंत्र्यानंतर कलेच्या बाजूने बोलणाऱ्यांची वाण पडली नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने (१९५२-५३) पूर्वमाध्यमिक टप्प्यावर कला व संगीत यांना अभ्यासक्रमात स्थान दिले. पुढच्या टप्प्यासाठी त्याने सात विषयगट सुचवले. त्यांत ललित कलांचाही एक स्वतंत्र गट होता. म्हणजे लहान वयात कला सर्वांना आणि मोठ्या वयात निवड करणाऱ्यांना, अशी ती विभागणी होती. तिच्यात आवश्यकता आणि ऐच्छिकता यांचा मेळ होता. प्रत्यक्षात मात्र ललित कलांचा गट चालवणाऱ्या शाळा बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) आठवी ते दहावीच्या सर्वसामान्य अभ्यासक्रमातच कला हा विषय नोंदवला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेल्या या शिक्षणतज्ज्ञाने १९३० च्या दशकात धारवाड जिल्ह्यातील उप्पिनबेटगेरी येथे ग्रामसुधारणेचे आणि शिक्षणाचे काम केले होते. खेड्यातील शाळेचे दारिद्र्य ज्यांनी जवळून पाहिले होते, अशा माणसाच्या सहभागातून तयार झालेल्या अहवालानेही कला वगळली नाही. पोट भरल्यावर कला, हा युक्तिवाद त्या पिढीला मान्य नव्हता.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी कला, संगीत, नृत्य आणि रंगभूमी यांसाठी नेमलेल्या तज्ज्ञगटाने दहावीपर्यंत कला आवश्यक विषय असावा, अशी भूमिका घेतली. २०१९ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांत पहिली ते बारावी आठवड्याला किमान दोन तासिका कलाशिक्षणाला देण्यास सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यातील, तसेच अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातील भिंती पाडण्याचा उच्चार केला. या धोरणाचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. के. कस्तुरीरंगन हे अवकाशशास्त्रज्ञ होते आणि बेंगळुरू ही त्यांची कर्मभूमी होती. उपग्रह सोडणाऱ्या माणसाला कला आवश्यक वाटली. दहावीचा निकाल लावणाऱ्यांना ती अडचण वाटते, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

शब्द आणि व्यवहार यांतील हे अंतर कोठे पडते, ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट दिसते. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या शंभरापेक्षा अधिक असल्यास, कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरिता अंशकालीन निदेशक असावेत, असे त्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. शंभराहून कमी पटाच्या शाळेतील मुलांना या तरतुदीचा लाभ नाही. शिवाय हा कायदा चौदाव्या वर्षापाशी, आठवीच्या उंबरठ्यावर थांबतो. म्हणजे ज्या वयात मुलाच्या मनात सर्वाधिक खळबळ असते, जे बोलता येत नाही ते कोठेतरी व्यक्त करण्याची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्या नववी-दहावीच्या वयात कायद्याचा हात सुटतो आणि परीक्षेचा हात घट्ट होतो.

बेंगळुरूचे चित्र

बेंगळुरूला कलेचे वावडे कधीच नव्हते. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर येथे आली आणि त्यांच्या दरबारात विद्वान व कवी जमले. त्यांपैकी जयराम पिंड्ये याने रचलेला ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ पुढे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केला. त्या दरबारात अनेक भाषांतून काव्य रचले जात होते, याची साक्ष हा ग्रंथ देतो. बेंगळुरूचे बहुभाषिकपण आणि कलेचा आश्रय या दोन्ही गोष्टींना असा जुना वारसा आहे, आणि त्यात मराठीचाही वाटा आहे.

आधुनिक काळात ए. एन. सुब्बराव यांनी १९१९ मध्ये येथे ‘कलामंदिर’ ही कलाशाळा काढली. रवींद्रनाथ टागोरांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने रवींद्र कलाक्षेत्र उभे राहिले. १९६० मध्ये चित्रकला परिषदेची स्थापना झाली, एम. एस. नंजुंडराव यांच्या परिश्रमांतून ती वाढली. थोर चित्रकार के. वेंकटप्पा यांच्या नावाचे कलादालन कब्बन पार्कच्या कडेला उभे आहे. प्रेमा कारंत यांनी ‘बेनक मक्कळ केंद्र’ स्थापून मुलांच्या नाटकांना वाहून घेतले. बी. व्ही. कारंत यांनी टागोरांच्या पोपटाच्या कथेवरून ‘पंजरशाले’ हे बालनाट्य रंगभूमीवर आणले. पोथ्यांची पाने कोंबून शिकवला जाणारा आणि त्यातच प्राण सोडणारा तो पोपट बेंगळुरूच्या मुलांनीच रंगमंचावर दाखवला, याहून बोलकी टीका कोणती?

इतके वैभव असलेल्या नगरीत दहावीच्या मुलाचा कलेशी संबंध कसा येतो? एसएसएलसी परीक्षेची रचना अनेक वर्षे ६२५ गुणांची राहिली : प्रथम भाषेला १२५ आणि उरलेल्या पाच विषयांना प्रत्येकी १००. कलाशिक्षणाची नोंद शाळेच्या अंतर्गत श्रेणीपुरती. प्रतिभा कारंजीसारख्या स्पर्धांतून निवडक मुले चमकतात, आणि ते स्वागतार्हही आहे. परंतु स्पर्धेला मुळातच येत असणारी मुले पाठवली जातात, ज्यांना येत नाही त्यांना तेथे जागा नसते. कुमारकृपा रस्त्यावर जानेवारीत भरणारी चित्रसंते पाहायला गर्दी लोटते. त्या गर्दीत स्वतः कधी ब्रश न धरलेली मुलेही असतात.

राहिला मार्ग खासगी वर्गांचा. नृत्य, वीणा, तबला, चित्रकला यांचे वर्ग या शहरात गल्लोगल्ली आहेत. त्यांना शुल्क लागते, साहित्य लागते, ने-आण करायला मोठे माणूस लागते. बेंगळुरूच्या वाहतुकीत संध्याकाळचे दोन तास मोकळे असणारे पालक लागतात. ‘सक्ती नको, ज्याला आवड असेल तो शिकेल’ हे वाक्य उदार वाटते. व्यवहारात त्याचा अर्थ ‘ज्याला परवडेल तो शिकेल’ असा होतो. रोजंदारीवर जाणाऱ्या आईच्या मुलीला सतार आवडते की नाही, हे सतार हाती आल्याशिवाय कळणार कसे? आवड ही आधी अनुभव मिळाल्यावर उमलते, आणि तो अनुभव सर्वांना सारखा देऊ शकणारी एकच जागा समाजात आहे, ती म्हणजे शाळा.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला तर हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. येथील मूल रस्त्यावर कन्नड ऐकते, पडद्यावर हिंदी-इंग्रजी पाहते. मराठी त्याला घरात आणि पाठ्यपुस्तकात भेटते. पाठ्यपुस्तकातील भाषा परीक्षेपुरती राहण्याचा धोका असतो. अभंग गाताना, भारुड सादर करताना, पोवाड्याला डफाची साथ देताना, नाट्यप्रवेश पाठ करताना तीच भाषा ओठांवर खेळू लागते. शिवाय कला शेजाऱ्याच्या भाषेचाही दरवाजा उघडते. मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीतास्वयंवरा’पासून मानतात. त्याची प्रेरणा सांगलीला आलेल्या, उत्तर कानड्यातील कर्कीच्या भागवत मंडळींच्या खेळांतून मिळाली होती. संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या कर्नाटकातील गुर्लहोसूरचे. ज्या मुलांनी यक्षगान पाहिले आणि नाट्यगीतही गाईले, त्यांना दोन भाषांमधील नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आक्षेप आणि त्यांचे मोल

सक्तीला विरोध करणाऱ्यांचे आक्षेप गांभीर्याने घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप वेळेचा. ज्या घरातील मूल पहिल्यांदाच दहावीला बसते आहे, त्या घराला एकेक गुण मोलाचा असतो. पीयूसीचा प्रवेश आणि पुढची नोकरी त्यावर अवलंबून असते. ही चिंता खरी आहे. तिला उत्तर देताना कलेमुळे गणिताचे गुण वाढतात, अशी आश्वासने देण्याचे कारण नाही. कलेची किंमत गणिताच्या गुणांत मोजायची ठरवली, तर ती लढाई आधीच हरल्यासारखी आहे. आठवड्याच्या चाळीस-पंचेचाळीस तासिकांतून दोन तासिका कलेला दिल्याने निकाल खालावतो, असे मानणाऱ्यांनी उरलेल्या तासिकांचा हिशेब आधी मांडावा.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. सक्तीने कला मरते, असे रसिक म्हणतात. परीक्षेतील प्रश्नांसाठी वाचलेली कविता पुढे जन्मभर नकोशी होते, हे उदाहरण त्यांच्या तोंडी असते. यात तथ्य आहे. रेखाकला परीक्षांनी नक्कल आणि गुण यांच्या चौकटीत चित्रकला कशी अडकवली, हे वर आलेच आहे. परंतु त्यावरून सक्ती टाळावी असे ठरत नाही. सक्तीचे स्वरूप बदलावे असे ठरते. जपानच्या उच्च माध्यमिक शाळांत संगीत, दृश्यकला, हस्तकला आणि सुलेखन यांपैकी किमान एक विषय प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावा लागतो. कला घेतलीच पाहिजे, पण कोणती ते विद्यार्थ्याने ठरवावे, हा तो मध्यममार्ग आहे. ज्या मुलाला रेष जमत नाही, त्याला ढोलकी जमू शकते. ज्या मुलीला रंगमंचाची भीती वाटते, ती नेपथ्य रंगवताना रमून जाते.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे : शिकवणार कोण? कलाशिक्षकाचे पद रिक्त असले, तर तो तास दुसऱ्या विषयाचा शिक्षक घेतो आणि पाहता पाहता तो त्याच विषयाचा होऊन जातो. या ठिकाणी सक्तीचा नियम मुलासाठी केला गेला आणि शाळा, संस्थाचालक व शासन मोकळे राहिले, हेच इतिहासाचे सार आहे.

सक्ती कोणावर?

म्हणून कलाशिक्षण आवश्यक करताना पहिली सक्ती शाळेवर आणि तिला अनुदान व मान्यता देणाऱ्या व्यवस्थेवर असावी. नववी-दहावीपर्यंत आठवड्याच्या दोन तासिका वेळापत्रकात असाव्यात आणि त्या अन्य विषयांनी घेऊ नयेत. त्यांसाठी शिक्षक असावा; पूर्णवेळ शिक्षक परवडत नसेल, तर जवळच्या दोन-तीन शाळांनी मिळून एक नेमावा. बेंगळुरूसारख्या नगरीत कलाशाळांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांची उणीव नाही. कागद, रंग, हार्मोनियम आणि तबला ही शाळेची मालमत्ता असावी. त्यांचा भार पालकावर पडू नये.

विद्यार्थ्यावरील सक्ती त्यानंतरची, आणि ती सौम्य असावी. त्याने कोणती तरी एक कला निवडावी, वर्षभर तिच्यासाठी वेळ द्यावा आणि वर्षअखेर आपले काम इतरांसमोर मांडावे. उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचा शिक्का तेथे नसावा. वाईट आवाजात मनापासून गाणाऱ्या मुलाला गप्प बसवण्याचा अधिकार कोणत्याही गुणपत्रिकेला नको.

साठ वर्षांचा प्रवास पुरा करणाऱ्या कोणत्याही शाळेचे माजी विद्यार्थी एकत्र जमले की काय आठवतात, हे पाहण्यासारखे असते. वर्गमूळ काढण्याची रीत क्वचितच निघते. नाटकात विसरलेला संवाद निघतो, फलकावर रंगीत खडूने काढलेले शिवाजी महाराज निघतात, समूहगीताची चाल चाळीस वर्षांनंतरही बिनचूक निघते. शाळेने त्या गोष्टींना गुण दिले नव्हते. मनाने मात्र त्या जपून ठेवल्या. पुढील पिढीच्या हाती अशा आठवणी द्यायच्या की नाही, हे शाळा ठरवते, आणि तिचा निर्णय जूनमध्ये सूचनाफलकावर लागणाऱ्या वेळापत्रकात वाचता येतो. तेथे दहावीच्या रकान्यात कलेचा तास लिहिलेला असावा, आणि फेब्रुवारीतही तो तसाच असावा.